वॉटच्या आकड्याला भुलू नका!

पगार वाढला, गाडी दारात आली. आता डिकीत सबवूफर हवाच! पण थांबा बॉस, अँप्लिफायरच्या खोक्यावरचा '१००० वॉट' बघून लगेच कार्ड काढू नका. तो आकडा बहुतेकदा 'पीक'चा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा असतो. आपल्याला बघायचाय 'आरएमएस', म्हणजे सतत मिळणारी ताकद.

हिशेब सोपा आहे. सबवूफर ३०० वॉट आरएमएसचा, तर अँपही साधारण तेवढ्याच आरएमएसचा. तोही त्याच ओहमला! ४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात, सिरीजमध्ये ८. अँप २ ओहमला चालणारा नसेल, तर तापून बंद पडणार.

'छोटा अँप घेतला की सबवूफर सेफ' हाही गैरसमजच. आवाज कमी वाटला की आपण गेन पिळतो. गेन म्हणजे काही व्हॉल्यूमचं बटण नव्हे! मग क्लिपिंग होतं, आवाज फाटतो, कॉइल तापत जाते आणि एक दिवस डिकीतून जळका वास येतो.

खोटा आकडा पकडायची युक्ती? फ्यूज बघा. गाडी सुरू असताना साधारण १४ व्होल्ट मिळतात. अँपवर एकूण ३० अँपिअरचा फ्यूज असेल, तर आत जाणार ४२० वॉट. त्यातलेही काही उष्णतेत जाणार. मग बाहेर सतत १००० येणार कुठून?

तेव्हा दुकानात तीनच प्रश्न विचारा: आरएमएस किती, किती ओहमला, फ्यूज केवढा? दुकानदार नुसताच हसला, तर सरळ शेजारचं दुकान गाठा!