आजीचे सूप आणि १९६६ चा कायदा

आमच्या आजीला जन्मसाल विचारले की ती म्हणते, "मालगुजारी गेली तवा मी बकऱ्या चारत होती." मालगुजारी, म्हणजे मालगुजारांची गावावरची मालकी, १९५१ साली गेली. तेव्हा ती सात-आठ वर्षांची धरली, की हिशेब लागतो.

तिरोड्याजवळचे आमचे गाव, तेव्हा भंडारा जिल्ह्यातले. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक हरले. निकाल कळला त्या दिवशी तिचा बाप जेवला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला तोच बाप तिला आगगाडीने नागपूरला दीक्षेला घेऊन गेला. पुढे अठरा दिवसांतच भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, ते मात्र तिला ठाऊकच नाही. राज्य बदलले ते कळले नाही, दीक्षा कळली. कोणती घटना मोठी, हे ठरवण्याचा हक्क तिचाही आहे असे मी मानते.

लग्नानंतर बिड्या आल्या. सट्टेदाराकडून, म्हणजे कारखान्याच्या मध्यस्थाकडून, तेंदूपत्ता आणि जरदा आणायचा, पत्ता भिजवायचा, कापायचा, सूप मांडीवर घेऊन वळत बसायचे. संध्याकाळी माल मोजून देताना मूठभर बिड्या 'छाट' म्हणून बाजूला पडायच्या. त्यांची मजुरी नाही. आजी भांडायची.

याच भांडणासाठी १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात कलम ३९ होते; तो कायदा २०२५ मध्ये रद्द झाला. नाकारलेल्या बिड्या आणि त्यांची मजुरी यांवरचा तंटा सरकारने ठरवलेल्या अधिकाऱ्यापुढे नेता येत असे. आजीसारख्या हजारो बायका रोज संध्याकाळी भांडल्या, म्हणून संसदेला छाटीची दखल घ्यावी लागली असे मला ठामपणे वाटते. ते कलम तिच्यापर्यंत कधी पोहोचलेच नाही.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन आमचा गोंदिया जिल्हा झाला. जिल्ह्याची ओळख सांगताना रेल्वे येते, राइस मिल येतात, बिडीचे कारखानदारही येतात. बिडी वळणारी बाई येत नाही. म्हणून शाळांना माझी विनंती आहे: नववी-दहावीच्या मुलांना घरच्या एका म्हाताऱ्या माणसाचे आयुष्य सनावळीशेजारी मांडू द्या. बिडीकार्ड, जुना सातबारा, राशनकार्ड यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या दोघी वारल्या आणि त्यांची कार्डे रद्दीत गेली. ज्या आहेत त्यांना आताच विचारा: हजार बिड्यांना काय मिळायचे, छाट किती निघायची, आणि पैसा कोणाच्या हाती पडायचा, तुमच्या की नवऱ्याच्या?