गेमिंग कन्सोल कुणासाठी?

दिवाळीचा बोनस हातात आला किंवा परीक्षा संपल्या की अनेक घरांत हल्ली एक मागणी हमखास होते : टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल. 'सगळ्यांना मिळून खेळता येईल' हा मुलांचा युक्तिवाद असतो. जाहिरातीत आजी-आजोबाही हात हलवत टेनिस खेळताना दिसतात. आईवडिलांना वाटते, निदान पोर मोबाइलमधून डोके तरी वर काढेल, थोडी हालचालही होईल. मग चर्चा किमतीवर येऊन अडते. वास्तविक त्याआधी विचारायचा प्रश्न असा आहे, की या यंत्राला रोजच्या दिवसातला कोणता तास द्यायचा?

कुटुंबासाठीचा कन्सोल ही कल्पना जगभर रुजवली ती जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'वी' या यंत्राने. नोव्हेंबर २००६ मध्ये ते बाजारात आले. हातातल्या रिमोटमधील संवेदक हाताची हालचाल टिपत आणि पडद्यावरची रॅकेट तशीच फिरे. बटणांची गुंतागुंत शिकावी लागत नसल्याने एरवी अशा खेळांकडे न फिरकणारी मोठी माणसेही खेळू लागली. या यंत्राची विक्री दहा कोटींच्या पुढे गेली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'ने रिमोटही काढून टाकला. कॅमेराच खेळाडूच्या शरीराची हालचाल ओळखू लागला. घरबसल्या व्यायामाचे स्वप्न त्याच काळात जोरात विकले गेले.

संशोधकांनी ते तपासून पाहिले. ब्रिटनमधील लिव्हरपूल येथे किशोरवयीन मुलांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. बसून खेळायच्या व्हिडिओ गेमपेक्षा 'वी'वरच्या खेळात ऊर्जा जास्त खर्च होते, मात्र तोच खेळ प्रत्यक्ष खेळताना होणाऱ्या खर्चापेक्षा ती बरीच कमी असते, असे त्यात आढळले. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ९ ते १२ वर्षांच्या मुलांना 'वी' देण्यात आला. काहींना हालचालीचे खेळ मिळाले, काहींना बसून खेळायचे. १३ आठवड्यांच्या या प्रयोगात दोन्ही गटांच्या एकूण शारीरिक हालचालीत फरक दिसला नाही. २०१२ मध्ये 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात हे निष्कर्ष आले. यात फारसे आश्चर्य नाही. पहिल्या आठवड्यात घाम गाळणारे मूल लवकरच शिकते, की सोफ्यावर बसून नुसते मनगट झटकले तरी चेंडू टोलवला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल हवी. ती कन्सोलच्या खात्यावर टाकता येणार नाही. डोळ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने लघुदृष्टिदोष आलेल्यांचे प्रमाण ३०.४ टक्के होते, तर इतर मुलांत ३९.५ टक्के. दिवाणखान्यात कितीही उड्या मारल्या तरी बाहेरचा उजेड मिळत नाही. त्यामुळे कन्सोलसाठी काढलेला तास मैदानाचा किंवा झोपेचा असेल, तर तो सौदा तोट्याचाच.

तो तास मोबाइलचा असेल, तर मात्र हिशेब बदलतो. मोबाइलवर मूल एकटे काय खेळते, कोणाशी बोलते, हे शेजारी बसलेल्यालाही दिसत नाही. टीव्हीवरचा खेळ सर्वांसमोर असतो. भावंडांना पाळी लावावी लागते, हरल्यावर रिमोट दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. या यंत्राचा खरा लाभ हा आहे, आणि तो एकत्र खेळले तरच मिळतो. म्हणून कन्सोलची जागा बैठकीच्या खोलीत. मुलाच्या खोलीत दार लावून तो खेळला जाणार असेल, तर मोबाइलचा पडदा मोठा झाला एवढेच.

बाकीच्या अटीही खरेदीपूर्वीच ठरवाव्यात. खेळाच्या वेष्टनावरील वयाची खूण पाहावी. यंत्र कौटुंबिक असले तरी त्यावर चालणारा प्रत्येक खेळ तसा नसतो. वेळेची मर्यादा आणि पैशांच्या व्यवहारावरचे कुलूप पहिल्याच दिवशी लावावे, कारण अनेक खेळांत पुढे आणखी खरेदीची आमिषे असतात. घरात कोणाला फिट्स येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. झगझगत्या चित्रांमुळे काहींना झटका येऊ शकतो. आणि दोन खोल्यांच्या घरात टीव्हीसमोरच दहावीचा अभ्यास चालत असेल, तर तो प्रश्नही आधी सोडवायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केला असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. जास्त खेळणारे प्रत्येक मूल त्यात मोडत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली तर हे निदान होते. पण ती दिसू लागताच सल्ला घ्यावा, वर्ष सरण्याची वाट पाहू नये.

निर्णयाआधी एक बिनखर्चाची चाचणी घेता येते. माळ्यावरचा कॅरम खाली काढावा आणि महिनाभर आठवड्यातून दोनदा सर्वांनी अर्धा तास खेळून पाहावे. तेवढी सवड निघाली, तर कन्सोलही घरात रमेल. ती निघाली नाही, तर काही हजार रुपयांच्या त्या यंत्रासमोर शेवटी एकटे मूलच बसलेले असेल.