गल्लीत सिमेंट आले, पाणी कुठे जाणार?

शेतीखात्याचा माणूस रस्त्यावर काय लिहितो, असे म्हणाल. पण बांधबंदिस्ती करताना आम्ही आधी पाण्याची वाट बघतो, मग कुदळ मारतो. गावातल्या रस्त्यांचे नेमके उलटे चालले आहे.

2015 पासून वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला आणि गल्लोगल्ली सिमेंट रस्ते झाले. चिखल गेला, हे चांगलेच झाले. पण पुष्कळ ठिकाणी जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा थर टाकतात. दोनदा असे झाले की रस्ता वर आणि घराचा उंबरा खाली. मोठा पाऊस आला की पाणी थेट चुलीपर्यंत! मुरमाचा रस्ता होता तोवर थोडे तरी मुरायचे. आता तेही नाही, आणि गटार ‘पुढच्या टप्प्यात’, म्हणजे बहुधा कधीच नाही.

तुंबलेल्या सांडपाण्यात क्युलेक्स डास वाढतो, हत्तीरोग पसरवणारा तोच. डेंग्यूचा डास वेगळा, तो रांजणातल्या, टायरातल्या साठलेल्या पाण्यात होतो. त्यासाठी आठवड्याचा कोरडा दिवस आहे. गटाराला कसला कोरडा दिवस? धूरफवारणीने उडते डास मरतात, अळ्या पाण्यात तशाच राहतात.

दुसरे, वेग. गुळगुळीत रस्त्यावर मोटारसायकली शाळेसमोरूनही सुसाट जातात. मग कुणीतरी रातोरात सिमेंटचा उंचवटा घालतो. दुधाच्या किटल्या सांडतात, दवाखान्यात निघालेल्या गरोदर बाईचे हाल होतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे चांगला पसरट सांगितला आहे. आपल्याकडे उंची तेवढीच, रुंदी हातभर.

तेव्हा ग्रामसभेत कामाला हात वर करण्याआधी अंदाजपत्रक वाचून घ्या. लांबी-रुंदी सगळेच विचारतात. रस्ता जोत्याच्या खाली राहणार का, कडेला उतार किती (तीन मीटर रस्त्याला मधून कडेपर्यंत तीनेक सेंटिमीटर हवा) आणि गटाराचे पाणी शेवटी कुठे सोडणार, हे विचारा. उतारच मिळत नसेल तर घरोघरी शोषखड्डे घ्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने तेच केले. रोजगार हमीतून ही कामे होतात. मात्र चोपण जमिनीत पाणी मुरत नाही; तिथे आधी एक खड्डा खणून, दोन बादल्या पाणी ओतून, सकाळपर्यंत किती उतरते ते बघा.