मायक्रोवेव्हची भीती आणि डब्यातला भात

बेळगाव-खानापूर भागातील मराठी घरांत गेल्या काही वर्षांत एक चित्र वारंवार दिसू लागले आहे. मुले पुण्यास, बंगळूरास, कुणाची त्याहूनही दूर. आणि शहापूर, अनगोळ, टिळकवाडीच्या जुन्या घरांत आईवडील दोघेच, कित्येक ठिकाणी तर त्यांपैकी एकच. दिवाळीस आलेला मुलगा जाण्यापूर्वी त्यांच्याकरिता मायक्रोवेव्ह घेऊन ठेवतो. हेतू चांगला असतो. आईला दोन-दोनदा गॅसपुढे उभे राहावे लागू नये, वडिलांना रात्रीचे जेवण गार घ्यावे लागू नये. पण मुलगा परत गेला की त्या यंत्राचे दोहोंपैकी एक होते. काही घरांत त्यावर क्रोशाचा रुमाल पसरून वर्तमानपत्रांची रद्दी रचली जाते. कारण त्यातल्या किरणांनी अन्नाचे विष होते, असे कुणीतरी सांगितलेले असते. आणि काही घरांत त्याच्या उलट, त्यात अन्न घातले की सारे जंतू मरतात या भरवशावर परवाचा भात बिनदिक्कत ताटात येतो.

आम्ही मराठीचे शिक्षक. पदार्थविज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. तथापि मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसास सर्व काही ठाऊक असते, अशी गावाची समजूत असल्यामुळे ‘सर, त्यात तापवलेले खाल्ले तर चालते का हो?’ हा प्रश्न आमच्यापुढे वरचेवर येतो. आमच्या मते पहिल्या घरातली भीती निराधार आहे आणि दुसऱ्या घरातला भरवसा धोक्याचा आहे. दोहोंपैकी अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या घराची. तरी आधी पहिल्याकडे वळू.

या भीतीत थोडा दोष भाषेचाही आहे, आणि तो सांगण्याचा अधिकार मात्र आम्हांस आहे. इंग्रजीतील ‘रेडिएशन’ या शब्दास आपल्या परिभाषाकारांनी ‘प्रारण’ असा चांगला प्रतिशब्द दिलेला आहे. दिव्याचा प्रकाश, उन्हाची ऊब, आकाशवाणीच्या लहरी ही सारी प्रारणेच. पण वर्तमानपत्रांनी सरसकट ‘किरणोत्सर्ग’ हाच शब्द चालविला, आणि तो वाचताच आपल्या डोळ्यांपुढे अणुबाँब उभा राहतो. मायक्रोवेव्हमधील लहरी आकाशवाणीच्या लहरींच्या कुळातल्या. सेकंदाला सुमारे २४५ कोटी आंदोलने आणि लांबी १२ सेंटिमीटरांहून किंचित अधिक, असे त्यांचे स्वरूप. क्ष-किरण पेशींतील रेणूंची मोडतोड करू शकतात, तेवढी शक्ती या लहरींच्या अंगी नसते. त्या अन्नातील पाण्याच्या कणांना भराभर इकडून तिकडे फिरवितात, त्या धावपळीतून उष्णता उत्पन्न होते आणि अन्न तापते. बटण बंद होताच लहरी संपल्या. दिवा मालविल्यावर खोलीत प्रकाश साठून राहत नाही, त्याचप्रमाणे ताटातल्या आमटीत लहरी साठून राहत नाहीत.

ज्या नळीतून या लहरी निघतात तिचे नाव मॅग्नेट्रॉन. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी ती रडारसाठी सिद्ध केली. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील चॉकलेट चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळले, आणि त्यावरून ही चूल जन्मास आली. १९४७ साली विक्रीस आलेली पहिली चूल पुरुषभर उंचीची होती.

आता लहरी बाहेर गळतात का? दाराच्या काचेमागे बारीक भोकांची जी धातूची जाळी असते, तिची भोके एक-दोन मिलिमीटरांची. १२ सेंटिमीटरांची लहर त्यांतून जाऊ शकत नाही. प्रकाशाच्या लहरी अतिशय आखूड असल्यामुळे त्या जातात आणि आपल्याला आतले दिसते. यंत्रापासून ५ सेंटिमीटर अंतरावर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट, याहून अधिक गळती असू नये असा दंडक आहे, आणि अंतर वाढेल तशी ती झपाट्याने घटते. हृदयात पेसमेकर बसविलेल्यांनी स्वयंपाकघरात जाऊ नये, हा इशारा जुन्या काळच्या पेसमेकरांपुरता होता. हल्लीच्या पेसमेकरांना धड चालणाऱ्या यंत्राचा उपद्रव होत नाही. मात्र दार वाकलेले, बिजागरी सैल झालेली किंवा काच तडकलेली असेल, तर ते यंत्र वापरू नये. जीवनसत्त्वांची तक्रारही ऐकू येते. क जीवनसत्त्व उष्णतेने, वेळाने आणि शिजविलेले पाणी ओतून दिल्याने जाते. या चुलीत पाणी थोडे व वेळ कमी लागतो, त्यामुळे गॅसवरच्या पातेल्याहून अधिक नुकसान होण्याचे कारण नाही.

मग ‘विष’ हा शब्द आला कोठून? भ्रमणध्वनीवरून जे मजकूर फिरतात, त्यांत बहुधा स्वित्झर्लंडमधील एका शास्त्रज्ञाचा दाखला असतो. ती हकीकत सांगण्याजोगी आहे. हान्स हर्टेल यांनी लोझान येथील एका प्राध्यापकांसमवेत आठ माणसांना निरनिराळ्या रीतींनी तयार केलेले अन्न देऊन त्यांचे रक्त तपासले. १९९२ साली एका नियतकालिकाने त्यावर लेख छापला आणि त्यासोबत मायक्रोवेव्हकडे हात पसरणाऱ्या यमदूताचे चित्र दिले. उपकरणांच्या व्यापाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली आणि हर्टेल यांना तसे विधान करण्यास मनाई झाली. पुढे २५ ऑगस्ट १९९८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही मनाई त्यांच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला घालणारी आहे, असा निर्णय दिला. फिरणाऱ्या मजकुरात येथे ‘न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले’ असे लिहिलेले असते. ते खरे नव्हे. न्यायालयाने त्यांचा बोलण्याचा हक्क मान्य केला. अन्न विषारी होते की नाही, हा प्रश्न त्याने निकालात काढलाच नाही. व्यापाऱ्यांनी एका माणसाचे तोंड बंद करावयास जाणे आम्हांसही रुचत नाही. पण आठ माणसांच्या रक्तावरून साऱ्या जगाच्या जेवणाचा निवाडा करता येत नाही, हेही तितकेच खरे.

येथवर पहिल्या घराचे झाले. दुसऱ्या घराकडे जाण्यापूर्वी आमच्या शाळेतील एक प्रयोग सांगतो. आमच्या विज्ञान शिक्षकांनी एकदा आपल्या घरचा मायक्रोवेव्ह प्रयोगशाळेत आणला. आतली काचेची थाळी फिरू नये अशी तजवीज करून त्यांनी तीवर उडदाचे दोन कच्चे पापड शेजारी-शेजारी ठेवले आणि थोडेच सेकंद यंत्र चालविले. पापड बाहेर आले ते ठिपक्याठिपक्यांचे! काही ठिकाणी पांढरे शुभ्र फुललेले, आणि त्यांच्या अगदी लगत जसेच्या तसे कच्चे. मुलांनी पट्टीने फुललेल्या ठिपक्यांमधील अंतर मोजले. मोजणी काटेकोर नव्हती, तरी ते सुमारे ६ सेंटिमीटर भरले. त्याची दुप्पट म्हणजे लहरीची लांबी. तिला २४५ कोटींनी गुणले की प्रकाशाचा वेग येतो, सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर. पापडावरून प्रकाशाचा वेग निघाला म्हणून मुले हरखली आणि नंतर प्रयोगाचे साहित्य खाऊन टाकले. आमचे लक्ष मात्र त्या कच्च्या राहिलेल्या जागांकडे होते.

पेटीच्या आत लहरी भिंतींवर आपटून परततात, एकमेकींत मिसळतात, आणि काही जागी उष्णता फार, काही जागी जवळपास नाहीच, असे होते. थाळी फिरते ती याकरिता. तरीही वाटीतल्या घट्ट भाजीत किंवा भाताच्या ढिगात लहरी वरून दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. मधला भाग तापतो तो बाजूची उष्णता आत झिरपेल तेव्हा. कडेची आमटी उकळते आहे आणि मधोमधचा भात कोमट, हा अनुभव प्रत्येकास असेल. कोमट राहिलेल्या त्या भागात जंतू मरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार अन्न आतपर्यंत निदान ७० अंश सेल्सिअस तापले पाहिजे. घरात तापमापक नसतो. म्हणून अन्न पसरट भांड्यात ठेवावे, वर झाकण सैल ठेवावे, अर्ध्या वेळी बाहेर काढून तळापासून ढवळावे, पुन्हा तापवावे आणि मग दोन मिनिटे तसेच राहू द्यावे. मधोमध चमचा घातल्यावर तेथूनही कढत वाफ आली पाहिजे. रस्सा, आमटी असेल तर उकळीच फुटू द्यावी.

पण भाताची गोष्ट निराळी आहे, आणि आमचा प्रदेश भात खाणारा असल्यामुळे ती विस्ताराने सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. तांदळावर मातीतून आलेल्या ‘बॅसिलस सीरियस’ नावाच्या जंतूची बीजे असू शकतात. ही बीजे भात शिजला तरी मरत नाहीत. भात झाकून ओट्यावर राहिला, हळूहळू कोमट झाला, की ती अंकुरतात, जंतू वाढतात आणि भातात एक विष सोडतात. १९७१ पासून ब्रिटनमध्ये चिनी खाणावळींतील परतलेल्या भातामुळे ओकाऱ्यांचे प्रकार घडू लागले, तेव्हा हे पुरते ध्यानात आले. तेथे रात्री पुष्कळ भात शिजवून तो उघड्यावर ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी भराभर परतून वाढीत. आमच्या फोडणीच्या भाताची रीतही हीच नव्हे काय?

या विषाचा चिवटपणा असा की १२१ अंशांवर दीड तास तापवूनही ते नष्ट होत नाही. आपला प्रेशर कुकर पूर्ण दाबावर साधारण तेवढ्याच उष्णतेस पोहोचतो. मायक्रोवेव्हमधला ओलसर भात १०० च्या आसपासच राहतो. तेव्हा विष एकदा तयार झाले की तो भात मायक्रोवेव्हमध्ये तापवा, कढईत परता की कुकरात पुन्हा शिजवा, फळ एकच. त्याला वासही येईलच असे नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत ओकाऱ्या सुरू होतात. धडधाकट माणूस दिवसभरात सावरतो. पण ऐंशीच्या घरातील एकट्या माणसाला रात्री दोन वाजता ओकाऱ्या सुरू झाल्या, अंगातले पाणी गेले, रक्तदाबाची गोळीही पोटात राहिली नाही आणि हाकेच्या अंतरावर कुणी नाही, तर काय होईल, याचा विचार दूर बसलेल्या मुलांनी करावा.

उपाय यंत्रात नाही, वेळेत आहे. शिजविलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू नये. जेवणे आटोपताच उरलेला भात पसरट डब्यात काढावा, म्हणजे तो लवकर निवतो, आणि फ्रीजमध्ये ५ अंशांखाली ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो एकदाच, आणि खाण्यापुरताच, तापवावा. वीज बराच वेळ गेली असेल तर फ्रीजमधला भातही संशयित समजावा. येळ्ळूरचा बासमती टाकताना हात कचरतो, हे आम्ही जाणतो. एकट्या माणसाने पाव वाटीच तांदूळ लावावा, हे त्यापेक्षा बरे.

भांड्यांविषयी थोडक्यात. श्रीखंडाचा किंवा आइसक्रीमचा रिकामा डबा धुऊन ठेवणे हा आपला गृहिणीधर्म. पण असे डबे बहुधा गार पदार्थांसाठी घडविलेले असतात, त्यांत तेला-तुपाचे अन्न तापविले तर ते वितळू शकतात आणि प्लॅस्टिकमधील द्रव्ये अन्नात उतरू शकतात. मेलामाइनच्या ताटल्याही नकोत. उष्णता सोसणारी काच किंवा साधी चिनी माती उत्तम. सोनेरी काठाची कपबशी आत ठिणग्या उडविते. अंडे कवचासकट तापवू नये, ते फुटते. भरताच्या वांग्याला व बटाट्याला आधी काट्याने भोके पाडावीत. तळण आणि फोडणी या चुलीत करूच नये. शेंगदाणे भाजता येतात, मात्र ते आतून करपतात आणि बाहेरून कळत नाही, म्हणून मिनिटामिनिटाला पाहावे. गुळगुळीत पेल्यात नुसते पाणी फार वेळ तापविले तर ते उकळबिंदूच्या वर जाऊनही शांत दिसते. त्यात चहाची पूड पडताच एकदम उसळून हातातोंडावर येते. आत लाकडी चमचा ठेवून तापविले तर ही आपत्ती टळते.

यंत्र बिघडले तर घरच्या हुशार नातवाने ते उघडू नये. आतील धारित्रात हजारो व्होल्टचा विद्युत्भार असतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. त्याचा झटका प्राणघातक ठरू शकतो. तारेत अर्थिंग आहे ना, हे मात्र जुन्या घरांत अवश्य तपासून घ्यावे.

मे महिन्यात माहेरी मुली येतात, तान्ही बाळे येतात, आणि आजी कौतुकाने दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवते. पापडावर जे घडले तेच येथे घडते. बाटली हाताला कोमट लागते आणि आत कुठेतरी दूध कढत असते, तेच बाळाच्या जिभेला पोळते. काढून ठेवलेले आईचे दूध असेल, तर फार तापल्याने त्यातील रोगप्रतिकारक घटकही कमी होतात. बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करावी, हलवावी आणि दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूस टाकून पाहावेत. याला पाच मिनिटे अधिक लागतात. तेवढा वेळ बाळास आजोबांकडे द्यावे.