साखरेचा आलेख आणि सामान्य रुग्ण

मधुमेह हा सुखवस्तू शहरी माणसाचा विकार, ही समजूत आता टिकण्यासारखी राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असून १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. पोलाद आणि बियाण्यांसाठी ख्यात असलेला जालना जिल्हा यास अपवाद मानण्याचे कारण नाही.

उपाशीपोटी व जेवणानंतर होणाऱ्या तपासण्या त्या दोन क्षणांपुरतेच सांगतात. एचबीए१सी चाचणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी देते. पण सरासरीत चढउतार बुडून जातात. इन्शुलिनवर जगणाऱ्या मुलाची साखर मध्यरात्री ७०च्या खाली घसरली, तर त्याची नोंद कोठेच होत नाही. आणि खरा धोका तेथेच असतो.

सतत साखर मोजणारे उपकरण ही उणीव भरून काढते. दंडावर चिकटविलेल्या नाण्याएवढ्या सेन्सरचा बारीक तंतू त्वचेखालील द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजतो. हा आकडा रक्तातील साखरेच्या थोडा मागे असतो. म्हणून शंका येताच बोटाच्या रक्ताने पडताळणी करावी लागते. तथापि भाकरी, गोड चहा वा शेतातील श्रम यांचा परिणाम रुग्णाला प्रथमच स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

अडचण खर्चाची आहे. साधारणतः दोन आठवडे चालणाऱ्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात. अंबड वा मंठा तालुक्यातील रोजंदारीवरील कुटुंबाने ते दरमहा आणावेत कोठून? परंतु म्हणून हे उपकरण श्रीमंतांची चैन समजून सोडून देणे जसे योग्य नव्हे, तसेच ते सरसकट सर्वांना वाटण्याची मागणीही व्यवहार्य नव्हे. येथे तारतम्य हवे. इन्शुलिनवाचून जगू न शकणाऱ्या टाइप-१च्या मुलांना ते सरकारी खर्चाने अखंड मिळावे. गोळ्यांवर असलेल्या बहुसंख्य रुग्णांना नियमित औषध, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि गरजेपुरता एखादा पंधरवड्याचा आलेख पुरेसा ठरेल.

आलेख वाचून मात्रा बदलणारा जाणकार जवळ नसेल, तर मात्र ही सारी मोजणी व्यर्थ होय. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व परिचारिका यांना हे वाचन शिकविण्याचे काम त्याने अंगावर घ्यावे. केवळ मोजल्याने साखर उतरत नाही. मोजलेल्याचा अर्थ रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचला, तरच ती उतरते.