शेअर केले, ऐकले नाही

माझ्या वर्गात कधी काळी मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा आता स्वतः गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि कोणत्याही कंपनीच्या पाठबळाविना ती प्रसिद्ध करतो. काही महिन्यांपूर्वी त्याने नवे गाणे पाठवले आणि सोबत एवढेच लिहिले, 'सर, जमल्यास शेअर करा.' मी तत्काळ केले. 'आमच्या विद्यार्थ्याचे सुरेल पाऊल' असे चार शब्दही वर जोडले. आठवड्याने भेट झाली तेव्हा त्याने विचारले, 'तिसऱ्या कडव्यातला बदल कसा वाटला?' माझ्यापाशी उत्तर नव्हते. गाणे मी ऐकलेच नव्हते.

ही केवळ माझी लबाडी असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु स्वतंत्र संगीताला 'पाठिंबा' देण्याची आपली रीतच आता अशी झाली आहे. शेअर करणे हे औदार्य आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती सुटका असते.

याचा व्यवहार पाहू. २०२४पासून स्पॉटिफायवर एखादे गाणे मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्या ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. म्हणजे शंभर जणांनी शेअर केलेले आणि कोणीच न ऐकलेले गाणे कलावंताच्या हाती काहीच देत नाही. याउलट मार्च २०२०मध्ये, कोरोनामुळे मैफली थांबल्या असताना, बँडकॅम्पने एका शुक्रवारी विक्रीतला आपला हिस्सा सोडला आणि पुढेही असे शुक्रवार पाळले. तिथे श्रोता गाणे विकत घेतो आणि पैसे कलावंताकडे जातात. ऐकणारा आणि करणारा यांच्यातील नाते तिथे निदान स्पष्ट आहे.

आपल्याकडे 'शेअर' करण्याची परंपरा जुनी आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी वस्त्यावस्त्यांत पोचली ती गायकांच्या गळ्यांतून आणि श्रोत्यांच्या पाठांतरातून. तुकोबांची गाथा लोकगंगेने तारली, असे आपण वर्गात शिकवतोच. पण त्या प्रसारातला फरक ध्यानात घ्यायला हवा. गाणे पुढे द्यायचे तर आधी ते स्वतःच्या गळ्यात उतरवावे लागे. देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागे : वेळ, स्मरण, श्वास. आज अंगठ्याच्या एका स्पर्शाने गाणे आपल्याला न शिवता पुढे जाते.

तरीही शेअर करणे व्यर्थ आहे, असे मला म्हणायचे नाही. खिशात पैसे नसलेल्या विद्यार्थ्यापाशी देण्याजोगे तेवढेच असू शकते, आणि जाहिरातीला पैसा नसलेल्या गायकाला पहिला अनोळखी श्रोता बहुधा अशाच वाटेने मिळतो. आक्षेप आहे तो न ऐकता शेअर करण्याला. आपण तर साहित्याचे अभ्यासक. कवितेच्या एका शब्दावर तासभर बोलणारे. गाणे पूर्ण ऐकावे, शक्य असल्यास विकत घ्यावे, आणि पुढे पाठवताना त्यात काय ऐकले हे दोन वाक्यांत लिहावे, एवढी अपेक्षा आपल्याकडून जास्त नाही. मराठीत स्वतंत्र गीतकारांविषयी गंभीर समीक्षा फारशी लिहिली जात नाही. कवितासंग्रहाला अभिप्राय मिळतो, गाण्याला अंगठा.

त्या भेटीनंतर घरी येऊन मी ते गाणे ऐकले. तिसऱ्या कडव्यात ताल थांबतो आणि शब्द एकटे पडतात. मला तो बदल पटला नाही, आणि का पटला नाही ते मी त्याला सविस्तर कळवले. शेअर केल्यावर त्याच्याकडून केवळ जोडलेल्या हातांचे चिन्ह आले होते. या वेळी दोन पानी पत्र आले. माझ्याशी तावातावाने भांडणारे.