निरोप दोघांना द्यावा

मैत्रिणींनो, निरोप देण्याचं काम आपल्याला नवं नाही. लेक सासरी निघते, मुलगा नोकरीसाठी परगावी जातो, शेजारच्या वहिनींची बदली होते. डबा भरून देणं, ओटी भरणं आणि गाडी हलली की पदरानं डोळे पुसणं, हे खातं घरोघर आपल्याकडेच असतं. पण एक निरोप या सगळ्यांहून निराळा असतो. वर्षानुवर्षं परक्या मुलखात सेवा करून एखादं वयस्कर मिशनरी जोडपं कायमचं आपल्या देशी निघतं, तो निरोप. बदलून गेलेल्या वहिनी दिवाळीला भेटतात तरी. ही माणसं बहुधा पुन्हा दिसत नाहीत, आणि ते दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. नगर, मिरज, वाई या बाजूच्या आपल्या कितीतरी भगिनींनी असे निरोप पाहिले आहेत. म्हणून आज थोडं त्याविषयी.

मिरजेचंच उदाहरण घेऊ. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेचं इस्पितळ सुरू केलं. दूरदूरच्या गावांहून रोगी बैलगाडीनं, आगगाडीनं तिथे येऊ लागले. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी, जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त होऊन पत्नीसह परत गेले. इस्पितळाला त्यांचं नाव आहे. मिरज-सांगलीच्या मधल्या वानलेसवाडीलाही आहे. हे सगळं रास्तच आहे. पण त्यांच्या सहधर्मचारिणींची नावं आपल्यापैकी किती जणींना माहीत आहेत? पहिल्या पत्नी मेरीबाई सेवेच्या काळातच वारल्या. दुसऱ्या लिलियनबाई त्यांच्याबरोबर परत गेल्या. १९३३ मध्ये डॉक्टर गेले आणि पुढे १९४४ मध्ये या लिलियनबाईंनीच त्यांचं चरित्र लिहून प्रसिद्ध केलं. नवऱ्याची कहाणी बायकोनं लिहिली. तिची कहाणी कोण लिहिणार?

माझं म्हणणं इथेच आहे. जोडपं निघतं तेव्हा सेवा दोघांची संपत असते, मानपत्र मात्र एकाला मिळतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ज्या मोठ्या मिशन-मंडळानं नगरला काम उभं केलं, त्याच्या यादीत मिशनऱ्यांच्या बायकांची नोंद ‘सहायक मिशनरी’ अशी होत असे. बायबलाचा वर्ग घे, आल्यागेल्याचं चहापाणी पाहा, आजाऱ्याला पेज पाठव, भांडण घेऊन आलेल्या सुनेचं ऐकून घे, ही सगळी कामं त्या ‘सहायक’ शब्दात बसवलेली. आपल्याला हे काही नवं नाही म्हणा! आपल्या शिरगणतीतही गृहिणीच्या कामापुढे काय लिहितात ते आपण जाणतोच.

आता दुसरं जोडपं पाहा. लेस्ली आणि हेलन न्यूबिगिन. १९३६ मध्ये लग्न झालं आणि त्याच वर्षी दोघं जहाजानं मद्रासला यायला निघाली. हेलनबाईंचे आईवडीलही भारतात मिशनरी होते, तेव्हा हा देश त्यांना काही अगदी अनोळखी नव्हता. इकडे येऊन थोडे दिवस होतात न होतात तोच बसच्या अपघातात लेस्लीसाहेबांचा पाय मोडला आणि उपचारासाठी परत जावं लागलं. तरी दोघं पुन्हा आली. १९४७ मध्ये दक्षिण भारतातल्या निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या बिशपांपैकी ते एक. मध्ये काही वर्षं ती दोघं युरोपात होती, पण १९६५ मध्ये मद्रासचे बिशप म्हणून ते पुन्हा इकडे आले. चार मुलांचा संसार हेलनबाईंनी या सगळ्या जाण्यायेण्यात सांभाळला.

१९७४ मध्ये निवृत्तीची वेळ आली. साहेब पासष्टीला टेकलेले. विमानाचं तिकीट काढून एका दिवसात घरी पोचता आलं असतं. पण या दोघांनी काय करावं? दोन सुटकेसी आणि एक पाठीवरची पिशवी एवढंच सामान घेतलं आणि मिळेल त्या बसनं, खुष्कीच्या मार्गानं, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असं करीत इंग्लंड गाठलं! सुमारे दोन महिने लागले. ज्या देशात पाऊल टाकताच बसनं पाय मोडला, तो देश सोडताना मुद्दाम बसच निवडली.

मला यातलं साहस जितकं आवडतं, त्याहून त्या दोन सुटकेसी अधिक आवडतात. इतक्या वर्षांच्या संसारातून दोन सुटकेसी निवडणं म्हणजे काय, हे कधी घर हलवलेल्या बाईलाच कळेल. मुलांचे लहानपणचे कपडे, कोणी दिलेली भांडी, पत्रांचे गठ्ठे, प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि ठरवायचं: ही कुणाला, ही कुठे, ही बरोबर.

आणि घरी पोचलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. आपण म्हणतो, “सुटले बिचारे, आपल्या माणसांत गेले.” पण माणसं बदललेली असतात, रस्ते बदललेले असतात. इंग्लंडात सर्वांत जड काय गेलं, असं लोक न्यूबिगिनसाहेबांना विचारत. ते सांगत की, तिथे आशाच नाहीशी झालेली दिसली. मद्रासच्या झोपडवस्तीतसुद्धा उद्याचा दिवस बरा असेल असा विश्वास लोकांना होता. म्हणजे परत जाणं हीसुद्धा एक नवी सासुरवाडीच. म्हणूनच की काय, सत्तरीच्या घरात असताना त्यांनी बर्मिंगहॅममध्ये तुरुंगाच्या दारासमोरच्या एका लहानशा मंडळीचं काम अंगावर घेतलं.

हल्ली अशी आयुष्यभराची सेवा कमी झाली आहे. तिच्या जागी थोड्या मुदतीची सेवा आली आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातला, मॉर्मन म्हणून ओळखला जाणारा पंथ निवृत्त जोडप्यांना ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांसाठी पाठवतो. खर्च ज्याचा त्यानं करायचा. यात मला एक गोष्ट फार पटली. नवऱ्याला ‘एल्डर’ म्हणतात तसं बायकोला ‘सिस्टर’, आणि दोघांच्या छातीवर नावाची पट्टी वेगवेगळी. मुदत संपून घरी परतल्यावर सेवेतून रीतसर मोकळीक मिळते ती दोघांना, आणि मग ती पट्टी उतरते. या जोडप्यांना निरोप दोनदा घ्यावा लागतो. जाताना स्वतःच्या नातवंडांचा, आणि येताना तिकडे जीव लावलेल्या पोरांचा.

तेव्हा असं जोडपं तुमच्या ओळखीचं असेल आणि निघायची वेळ आली असेल, तर एवढं करा.

समारंभाच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी बाईंकडे जा आणि आवराआवरीला हात लावा. कोणती वस्तू कुणाला, हे त्यांना स्वतःच्या हातानं देऊ द्या. मागे राहिलेल्या वस्तूंवरून भांडणं होतात, हातानं दिलेल्यावरून सहसा होत नाहीत.

भेट हलकी द्या. विमानात वजनाची मर्यादा असते, तिथे पाच किलोची पितळी समई देऊन त्यांना संकटात टाकू नका. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. त्याऐवजी चार घरच्या जुन्या मऊ साड्यांची लहानशी गोधडी शिवा. सगळ्यांचा एक फोटो द्या आणि मागे प्रत्येकाचं नाव लिहा. वय झालं की चेहरे आठवतात, नावं निसटतात.

भाषणात बाईंचं काम नावानिशी सांगा. “यांनीही मोलाची साथ दिली” हे वाक्य बाद करा. कुणाला लिहायला शिकवलं, कुणाच्या बाळंतपणात रात्रभर बसल्या, कुणाच्या मुलीचं शिक्षण सुटू दिलं नाही, ते उठून त्या त्या बाईनंच सांगावं. दोन मिनिटं पुरतात.

“पुन्हा या हं” असं उगीच म्हणू नका. वयस्कर माणसाला ते टोचतं. “तुम्ही लावलेलं आम्ही सांभाळू” असं म्हणा, आणि काय सांभाळणार तेही सांगा. शिवणाचा वर्ग कोण घेणार, वाचनालयाची किल्ली कुणाकडे, हे त्यांच्यासमोरच ठरू द्या. निघणाऱ्याला सर्वांत मोठी काळजी त्याचीच असते.

आणि शेवटचं. गाडी गेल्यावर पंधरा दिवसांनी एक पत्र टाका. बाईंच्या नावानं, वेगळं. त्या घरात इतकी वर्षं आलेली बहुतेक टपाल साहेबांच्या नावाची होती.